एका खुर्चीला न दिसणारी बाज

लूमची शेड आणि नाटकाचा रंगमंच यांत फरक एवढाच, की शेडमध्ये खोटं मोजमाप चालत नाही आणि रंगमंचावर खरं चालत नाही. मी दोन्हीकडे काम केलं. पोटासाठी सुरतेजवळच्या उधन्यात पॉवरलूमच्या शेडचे नकाशे काढले. दोन मागांमध्ये किती जागा सोडायची, बीम, म्हणजे ताण्याचा जड रूळ, कुठून आत आणायचा, कारागीर कुठून चालणार, हे ठरवायचं. (कारागीर तिरका होऊनही चालू शकतो, असं प्रत्येक मालकाचं मत असे.) आणि हौसेसाठी आमच्या मराठी मंडळाच्या नाटकांचं नेपथ्य केलं. शिक्षण ड्राफ्ट्समनचं, पण उधन्यात ज्याच्या खिशात टेप तो इंजिनिअर. सुरुवातीला मी लोकांची चूक दुरुस्त करत असे. पुढे माझ्या लग्नपत्रिकेवरच वडिलांनी ‘इंजिनिअर’ छापलं, तेव्हा सोडून दिलं.

नेपथ्य म्हणजे काय, हे न कळणाऱ्यांची संख्या कळणाऱ्यांपेक्षा जास्त आहे, म्हणून सांगतो. आमच्या वस्तीतली खोली दहा बाय बाराची. ती तशीच्या तशी रंगमंचावर मांडली तर प्रेक्षकांना कबुतराचा खुराडा दिसतो, आणि रंगमंचाची अठ्ठावीस फुटांची तोंडाची रुंदी भरून खोली केली तर गरीब कामगार कलेक्टरच्या बंगल्यात राहायला आल्यासारखा वाटतो. मग मधलं काहीतरी करायचं. रुंदी सोळा फूट, पण दार साडेपाच फुटांचंच ठेवायचं म्हणजे नट वाकून आत येतो आणि खोली आपोआप लहान वाटते. भिंती म्हणजे लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड. आम्ही त्याला फ्लॅट म्हणतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेवटच्या खुर्चीवरच्या माणसालाही नट दिसला पाहिजे. त्यासाठी मी रिकाम्या हॉलमध्ये कोपऱ्यातल्या खुर्चीपासून रंगमंचापर्यंत सुतळी ताणून बघत असे. सुतळी मध्ये कशाला अडली की ती वस्तू हलवायची. हॉलचा रखवालदार गुजराती. तो मला पाहिलं की एकच वाक्य बोलायचा, “भाई, स्टेजमां खीली नई ठोकवानी.” खिळा ठोकायचा नाही. मी म्हणायचो, सुतळी आहे. तो म्हणायचा, आज सुतळी, काले खीली.

आमच्या मंडळाचं पहिलं मोठं नाटक ऐतिहासिक होतं. फ्लॅटना सुती मांजरपाट लागतो. त्यावर सरस आणि खडूचं पाणी मारलं की तो आकसतो आणि ढोलकीसारखा ताठ होतो. पण सुरतेत राहून कापड विकत आणायचं, ही कल्पनाच आमच्या अध्यक्षांना सहन झाली नाही. ते स्वतः लूमवर मुकादम. त्यांनी कुठूनतरी पॉलिएस्टर ग्रेचे, म्हणजे रंग न चढवलेल्या कोऱ्या कापडाचे, ताके आणले. पॉलिएस्टर पाणी पीत नाही, हे उधन्यातल्या शाळकरी पोराला माहीत असतं. आम्ही सगळे याच धंद्यातले, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. रंग त्यावर रेनकोटवरच्या पाण्यासारखा बसला. किल्ल्याची भिंत सैल, झुळझुळीत, आणि मागे दिवा लागला की आरपार. भर दरबारात महाराज न्यायनिवाडा करत असताना सिंहासनामागच्या भिंतीत एक माणूस पायजमा बदलताना चारशे प्रेक्षकांनी पाहिला. त्या माणसाला त्या दिवसापासून सगळे ‘भिंतीतला’ म्हणतात. त्याच्या मुलीच्या सोयरिकीच्या वेळीसुद्धा पाहुण्यांना ओळख तीच करून दिली गेली.

तर असं आमचं मंडळ. आता मुद्द्यावर येतो.

चौऱ्याण्णवचा प्लेग येऊन गेल्यानंतरची गोष्ट. गावाकडे पळालेली मंडळी परत आली होती, माग पुन्हा खडखडत होते, आणि आमच्या दिग्दर्शकाला, भावसारला, काहीतरी गंभीर करायची हुक्की आली. भावसार दिवसा साड्यांच्या दुकानात सेल्समन. ग्राहकासमोर शंभर साड्या उलगडायची सवय असल्यामुळे तो कुठलाही विचार उलगडायला लागला की घड्या घालायचं काम दुसऱ्याला करावं लागे. त्याला एका दिवाळी अंकात चार पानांची कथा सापडली. तिची एकांकिका करायची ठरली.

कथा साधी. एका खोलीत खानदेशी कुटुंब. घरात एक बाज, ती सासऱ्याची. सून वर्षानुवर्षं त्या बाजेच्या पायथ्याशी जमिनीवर बसून भाकरी थापते, गोधड्या शिवते. सासऱ्यासमोर सुनेनं बाजेवर, खुर्चीवर, म्हणजे उंच जागी बसायचं नाही, ही आमच्याकडची रीत. तिला कोणी छळत नाही, कोणी टोकत नाही, रीत म्हणजे रीत. सासरा वारतो. तेराव्यानंतर पाहुणे जातात. सून घर झाडते, आणि झाडता झाडता बाजेवर बसते. कथा तिथे संपते. एकही आरडाओरडा नाही, विष नाही, कोर्ट नाही. भावसार वाचता वाचता रडला. मी दोनदा वाचली आणि विचारलं, “बाज किती उंच?”

“तुला दुसरं काही दिसलं नाही का रे इंजिनिअर?”

“यात दुसरं आहेच काय? सगळं नाटक अठरा इंचांचं आहे.”

तो चिडला, पण खरं तेच होतं. जमीन आणि बाज यांतल्या अठरा इंचांवर ती कथा उभी होती. मी रंगमंचावर बाज एकवीस इंचांची केली. बाकी सगळं जमिनीलगत ठेवलं. चूल, पाट, पत्र्याची पेटी. बाजेशिवाय उंच असं काहीच नाही. माझ्या मते ते माझं सर्वांत स्वच्छ नेपथ्य होतं. होतं म्हणजे, होणार होतं.

सुनेचं काम करायला मंगलाताई मिळाल्या. ‘मिळाल्या’ हा शब्द त्या काळच्या उधन्यात फार मोठा आहे. आमच्या नाटकांत बायकांची कामं करायला बाई मिळत नसे. याआधी कापडाच्या घड्या घालणाऱ्या एका फोल्डिंगवाल्यानं मिशी उतरवून दोन नाटकांत आईचं काम केलं होतं, आणि ‘बाळा’ अशी हाक मारली की प्रेक्षागृहात हसण्याचा पूर येई. मंगलाताई पारोळ्याकडच्या. शाळेत असताना नाटकात काम केलेलं, बक्षीस मिळालेलं, आणि लगेच लग्न झालेलं. नवरा सुनील लूमवर, स्वभावानं मऊ. तो म्हणाला करू दे. पण घरात शब्द चाले तो सासऱ्याचा, हिलालआबांचा. आबांची उमेदीची सारी वर्षं मागावर गेली. आता दोन्ही कानांनी कमी ऐकू येई आणि ते घरीच असत, त्यांच्या बाजेवर. त्यांनी परवानगी दिली, पण त्याबरोबर सांगितलं की नाटक बघायला मी येणार.

तालमीच्या दुसऱ्याच दिवशी मंगलाताई भावसारला म्हणाल्या, “दादा, ही तर आमच्याच घराची गोष्ट आहे. फक्त आमचे आबा जिवंत आहेत.”

भावसार म्हणाला, “तोच तर अनुभव! तो वापरा!”

“अनुभव वापरते. पण आबा समोर बसलेले असताना मी बाजेवर बसणार नाही. नाटकातबी नाही.”

भावसारनं तिला वास्तव आणि अभिनय यांतला फरक समजावायला सुरुवात केली. घडीवर घडी उलगडली. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “दादा, तुमचा फरक तुम्ही आबांना समजावता का?” ती पुढे म्हणाली, “मला काम करायचंय. शाळेनंतर पहिल्यांदा असं वाटतंय, की मी काहीतरी करतेय. पण घरी गेल्यावर मला त्यांच्या ताटात वाढायचं आहे.” मग ती माझ्याकडे वळली. “इंजिनिअरभाऊ, तुमच्या नकाशात काही होत नाही का?”

आता हे वाक्य मला कोणी बोललं की माझं डोकं चालायला लागतं, मग ते चालणं बरोबर असो वा नसो. आयुष्यभर मी प्रत्येक खुर्चीला रंगमंच दिसावा म्हणून सुतळी ताणली. आता एका खुर्चीला एक वस्तू दिसू नये म्हणून ताणली. प्रेक्षकांच्या डावीकडची दुसरी रांग, टोकाची खुर्ची. तिथून बाजेचं अंतर चोवीस फूट. रंगमंचाच्या डाव्या पुढच्या कोपऱ्यात, खुर्चीपासून चौदा फुटांवर, एक लोखंडी कपाट उभं करायचं. कपाट तीन फूट रुंद. तीन फुटांचा आडोसा चोवीस फुटांवर पाच फुटांचा होतो. बाज सहा फुटांची. म्हणजे पायथ्याकडचा एक फूट उघडा राहतो. मंगलाताईंनी उशाकडे बसायचं. झालं. आबांना सून झाडताना दिसेल, भाकरी थापताना दिसेल, सगळं काम दिसेल, फक्त शेवटचं बसणं कपाटाआड होईल.

भावसारनं डोक्याला हात लावला. “अरे पण या गरिबाच्या घरात कपाट कुठून आलं? कथेत कपाट नाही.”

“कथेत सासरा दुसऱ्या रांगेतही नाही.”

“माझी सगळी रचना जमिनीलगत आहे आणि तू मध्येच साडेसहा फुटांचं भूत उभं करतोस!”

रचना त्याची नव्हती, माझी होती, आणि भूत उभं करताना मलाच जास्त दुखत होतं. पण बाई हवी की रचना, एवढाच प्रश्न होता. त्यातून आणखी एक अडचण निघाली. कपाटाच्या आडोशात एक नाही, दोन खुर्च्या येत होत्या. शेजारच्या खुर्चीवर कोणाला बसवायचं? पूर्ण नाटक अर्धवट बघूनही तक्रार न करणारं माणूस हवं होतं. मी बायकोला बसवलं. तिनं तक्रार केली. अजून करते.

प्रयोगाच्या संध्याकाळी मी स्वतः आबांना हाताला धरून त्यांच्या खुर्चीवर बसवलं. पांढरी टोपी, स्वच्छ धोतर. शेजारी माझी बायको. आबांनी समोर पाहिलं, कपाट पाहिलं. मी आत जाऊन मंगलाताईंना सांगितलं, सगळं मापात आहे. त्यांनी पदर सारखा केला आणि पहिल्यांदाच हसल्या.

आता आमच्या माणसांनी काय केलं ते ऐका. पहिल्या रांगेच्या मधोमध प्रमुख पाहुण्यांसाठी सोफा मांडला होता. पाहुणे म्हणजे एक लूममालक शेठ. ऐन वेळी त्यांचा माणूस निरोप घेऊन आला, “शेठ तो लग्नमां गया छे.” सत्काराचा नारळ आणि टोपी-टॉवेल तबकात तयार. आमच्या खानदेशात तबक एकदा भरलं की ते कोणाच्या तरी हाती पडल्याशिवाय राहत नाही. अध्यक्ष माइकवर गेले आणि म्हणाले, सोफा रिकामा बरा दिसत नाही, तर आज आपल्यातल्याच सर्वांत वडीलधाऱ्या माणसाचा आपण मान करू. टाळ्या पडल्या. चार कार्यकर्ते धावत गेले आणि माझ्या सुतळीच्या त्रिकोणातून हिलालआबांना उचलून आणून त्यांनी सोफ्याच्या मध्यावर बसवलं. डोक्यावर टोपीवर टोपी, खांद्यावर टॉवेल, मांडीवर नारळ. बाजेपासून अंतर अकरा फूट. मध्ये काहीही नाही.

मी विंगेतून हे बघत होतो. माझ्या खांद्यामागून मंगलाताईही बघत होत्या.

“भाऊ,” त्या हळूच म्हणाल्या, “आता काय म्हणतो तुमचा नकाशा?”

भावसार धावत आला. “तुम्ही बसू नका. बाजेला टेकून उभ्या राहा. हात ठेवा. प्रतीकात्मक!”

“प्रतीकात्मक म्हणजे?” तिनं विचारलं.

“म्हणजे बसल्यासारखं.”

“मग हे एवढं सगळं कशाला केलं?” असं म्हणून ती रंगमंचावर गेली.

काम तिनं असं केलं, की मी नेपथ्यातल्या चुका बघायच्या विसरलो, आणि हे माझ्याबाबतीत सहसा होत नाही. शेवटचा प्रसंग आला. पाहुणे गेले. ती झाडत झाडत बाजेपाशी आली. तालमीत इथे ती केरसुणी ठेवायची, क्षणभर थांबायची आणि बसायची. इथे केरसुणी ठेवली आणि थांबली ती थांबलीच. पदर कपाळापर्यंत आला होता. बसली नाही, टेकलीही नाही. भावसार विंगेत हातवारे करत होता, टेका, टेका. अकरा फुटांवर आबा मांडीवर नारळ धरून तिच्याकडे बघत होते.

मग आबा उठले. नारळ हातात घेतला. सोफ्यासमोर उभे राहिले आणि पूर्ण मागे वळले. रंगमंचाकडे पाठ, चारशे प्रेक्षकांकडे तोंड. ऐकू कमी येणाऱ्या माणसाचा हळू आवाज बाकीच्यांना मोठाच असतो. ते म्हणाले, “बठ व माय. मी दखस नही.” बस गं बाई, मी बघत नाही.

मंगलाताई बसली. उशाकडे वगैरे नाही. बाजेच्या बरोबर मधोमध. पडदा पडला.

टाळ्या इतक्या वाजल्या की रखवालदार आत डोकावला, आम्ही नक्की खिळे ठोकले असणार अशी त्याची खात्री झाली असावी. आणि आता गंमत बघा. लोकांना वाटलं, हे सगळं नाटकातच होतं. टोपी, टॉवेल, नारळ घेतलेला म्हातारा म्हणजे मेलेला सासरा, तो प्रेक्षकांतून उठून सुनेला मोकळी करतो. म्हणूनच शेठ आले नाहीत असं मुद्दाम सांगितलं! एक प्राध्यापक भावसारचा हात हलवत म्हणाले, असा शेवट मी कुठे पाहिला नाही. भावसार नम्रपणे म्हणाला, “बरेच दिवस डोक्यात होतं.” मी तिथेच उभा होतो. माझ्या कपाटाबद्दल ते प्राध्यापक म्हणाले की ते समाजव्यवस्थेचं प्रतीक असावं. मी नाही म्हणालो नाही. माझी बायको मात्र म्हणाली, “त्या व्यवस्थेमुळे मला काही दिसलं नाही.”

महिन्याभरात जवळच्या कडोदऱ्याहून बोलावणं आलं. तिथल्या कामगारांच्या गणपती मंडळाला तोच प्रयोग हवा होता, ‘म्हाताऱ्यासकट’. भावसार आबांकडे गेला. मीही सोबत होतो. आबा बाजेवर, आम्ही सतरंजीवर, मंगलाताई आतल्या बाजूला चहा गाळत.

भावसार मोठ्यानं म्हणाला, “आबा, तुम्ही फक्त उठायचं आणि वळायचं. तेवढंच वाक्य.”

आबा म्हणाले, “एकदाव पाठ फिराई, ती सूनसाठे. नाटकसाठे नही.”

“पण लोक त्यासाठीच येणार आहेत.”

“मंग तू फिराव तुनी पाठ.”

दारात बसलेल्या सुनीलला हसू आवरेना. भावसारनं चहा अर्धा टाकला. आतून कपबशीचा आवाज थांबला होता. आता कडोदऱ्याला काय करायचं, हे मंगलाताईंना आमच्यापैकी कोणी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

कडोदऱ्याला त्या भागात वीज बंद असायचा आणि म्हणून मागांना सुट्टीचा वार होता, म्हणून प्रयोग दुपारी, मांडवात, उजेडातच. टेम्पोत कपाट बसलं नाही, ते मी समाधानानं घरी ठेवलं. खुर्च्या नव्हत्या, सगळे जमिनीवर. सुतळी ताणायचा प्रश्नच नव्हता. कुठूनही सगळं दिसत होतं. आबा शटल रिक्षानं एकटेच आले आणि गर्दीच्या मधोमध मांडी घालून बसले. उधन्याहून आलेली मंडळी एकमेकांना कोपरानं ढोसत होती, तोच तो, आता बघ उठतो.

शेवटचा प्रसंग आला. मंगलाताईंनी केरसुणी ठेवली. समोर पाहिलं. आबा उठले नाहीत, वळले नाहीत. सरळ तिच्याकडे बघत बसून राहिले. शेजारच्यानं त्यांना डिवचलं, तर त्यांनी त्याचा हात बाजूला सारला. मी मनात म्हटलं, संपलं. पण तिनं पदर कपाळावरून थोडा मागे घेतला आणि बसली.

उधन्याची मंडळी नाराज झाली. म्हाताऱ्यानं काही केलंच नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

सामान आवरत असताना आबा मांडवामागे आले. आमच्याकडे न बघता ते बाजेपाशी गेले आणि तळव्यानं विणीवर दाब दिला. हात खोल गेला. “इंजिनेर,” ते म्हणाले, “बाज ढिल्ली शे.”

ती मी मुद्दाम ढिली ठेवली होती. सासऱ्याच्या अंगाचा वर्षानुवर्षांचा खड्डा शेवटच्या माणसालाही दिसावा म्हणून दोर सोडून, मध्ये चार इंचांचा झोल आणून. मी ते त्यांना मोठ्यानं समजावून सांगितलं. मेलेल्या माणसाचा खड्डा आहे, म्हटलं. त्यांनी ऐकलं, निदान ओठांकडे पाहिलं. मग खाली बसले, पायथ्याची गाठ सोडली, दोर एकेक पेड करत ओढायला लागले. माझा सगळा खड्डा बघता बघता नाहीसा झाला. मी अडवलं नाही.

मंगलाताई पातेली पेटीत भरत होत्या. तोंडावरचा रंग धुतला होता, साडी स्वतःची, पदर डोक्यावर. आबांनी गाठ मारली, बाजेच्या काठाला धरून उभे राहिले आणि विणीवर हात आपटला. मग त्यांनी तिला हाक मारली.

“मंगला, बठीसन दख बरं.”

तिनं टेम्पोत सामान चढवणाऱ्या सुनीलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी माझ्या टेपची पट्टी आत ओढत होतो. तिनं पातेलं खाली ठेवलं आणि ती बाजेवर बसली. आबा समोर उभे राहून विणीकडे बघत होते.

“टोचस का?”

“नही, आबा.”

“मंग ठीक,” ते म्हणाले, आणि दुसऱ्या बाजूचा दोर बघायला गेले.